आर्डिसबाईंचा खोडरबर

...बरं, रागवायचं तरी कुणावर, सांगा ना! चोर असता तर पोलिसात दिला असता, उंदीर असते तर पिंजरा लावला असता, पण इथे समोर ऐंशीच्या घरातल्या आर्डिसबाई, अंगात हाताने विणलेला स्वेटर, हातात लेमन बारचा, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांचा डबा, आणि चेहऱ्यावर असं समाधान की सगळं चर्च एकटीने धुऊन काढलंय! तुम्हाला सांगतो, वाईट माणसांचा बंदोबस्त करता येतो हो, चांगल्या माणसांचं काय करायचं?

मी इथला, मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजचा ग्रंथपाल. आमच्या गावाचं नाव झालं ते एकाच बाईमुळे, व्हर्ना ओल्स्टाड. बर्फाखालचे राक्षस, बोलणारी तळी, असल्या जाडजूड अद्भुत कादंबऱ्या लिहायची, गेली बिचारी. तिच्या अभ्यासासाठी मी एक खोली उभी केली, त्यात प्रत्येक आवृत्ती, प्रत्येक भाषांतर, वाचकांनी काढलेले तिच्या राज्यांचे नकाशेसुद्धा... आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तिची स्वतःची पुस्तकं! पानापानाच्या कडेला तिच्या हातच्या पेन्सिलीच्या नोंदी, कुठला राक्षस कुठून सुचला, कुणाला का मारला, सगळं त्यात. ती मिळवायला तिच्या बहिणीच्या दारातला बर्फ उपसला मी, तिचं ट्यूना हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला माशाचा लगदा, खाल्लं, आणि वर मागून घेतलं! एवढं कोण करतं?

पण आमचे डीन क्रेगसाहेब, त्यांना त्या खोलीत कॉफीबार काढायचा होता. "येतं का कुणी तिथे?" म्हटलं, येतायत ना, टोरोंटोहून डॉक्टर फेनिमोर येतायत, त्या नोंदींवर पुस्तक लिहितायत. "येऊ देत, ते काय म्हणतात बघू, मग ठरवू." म्हणजे बघा, अख्खी खोली त्या पेन्सिलीच्या रेघांवर लटकलेली!

आणि नेमका मी परिषदेला गेलो. मागे रखवालदाराने व्हर्नाच्या पुस्तकांची खोकी उचलून देणगीच्या टेबलाशी ठेवली. आता देणगीत आलेलं पुस्तक म्हणजे आमच्याकडे रीत ठरलेली, स्वयंसेवकांनी धूळ पुसायची, आतली चिटोरी काढायची, पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, मग फडताळात. आणि स्वयंसेवक कोण? आर्डिसबाई!

मी परत आलो तर म्हणतात कशा, "अरे, कुणीतरी मेल्याने सगळी पुस्तकं गिरबटून ठेवली होती बघ. मनगट भरून आलं माझं, पण एक रेघ म्हणून ठेवली नाही. लेमन बार घे." घेतला हो! काय करणार? मग खोलीत जाऊन दार लावलं आणि रडलो, खोटं कशाला सांगू. चांगल्या माणसांचं काय करायचं, सांगा!

फेनिमोर आले. मी दारातच सगळं कबूल केलं, म्हटलं नोंदी गेल्या, आमच्या बाईंनी खोडल्या. पण ऐकतंय कोण! त्यांनी पुस्तक उघडलं, दिवा तिरका धरला, आणि कागदावर दाबल्याच्या पुसट खुणा दिसल्यावर खुर्ची ओढून बसलेच. "व्हर्नानं स्वतःच खोडलं. स्वतःच्या हातानं." म्हटलं, अहो नाही, आर्डिसबाईंनी... तर माझ्या खांद्यावर थोपटून हसले. डीनना सांगायला गेलो तर ते म्हणाले, प्रोफेसर म्हणतायत ना, मग तू कशाला मध्ये तोंड घालतोस?

पुढच्या वसंतात फेनिमोरांचं व्याख्यान ठेवलं. सभागृह भरलेलं. पडद्यावर एक पान, हे एवढं मोठं, आणि फेनिमोर सांगतायत की इथे रबर किती जोरात फिरलाय पाहा, हे दुःख आहे, लेखिकेने स्वतःचंच जग पुसून टाकलंय. माझ्या शेजारी आर्डिसबाई पुटपुटल्या, "दुःख कसलं, त्या दिवशी रबर जुना होता." मी म्हटलं, बसा हो, बसा! पण प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि बाई उभ्या राहिल्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, "प्रोफेसर, ते पान मी खोडलंय."

मी डोळे मिटले, म्हटलं संपलं, आता उद्यापासून कॉफीबार.

फेनिमोर स्टेजवरून खाली आले, बाईंचे दोन्ही हात हातात घेतले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, वाचक लेखिकेशी इतका एकरूप होतो! हीच व्हर्ना ओल्स्टाडची ताकद."

टाळ्यांचा कडकडाट! डीनसाहेब तर उभे राहून वाजवत होते. आर्डिसबाई माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे... मग काय, वाजवल्या मीही. खोली राहायला हवी ना!