सूनमुखाला कोण बसणार

— नाही गं, लेझरनं दुखत नाही फारसं. रबर ताणून सोडल्यावर लागतं ना, तसं चटचट लागतं, एवढंच. तुझे डाग बाळंतपणानंतरचे का? माझेही तसेच, उन्मेषच्या वेळचे. दोन्ही गालांवर वांग — तीस वर्षं वागवले, कुणाचं काही अडलं नाही. आता परवा त्याचं लग्न आहे, गिरगावात, तर अडलं! मला काही हौस नव्हती — म्हणजे, थोडी होती. सूनमुख बघायचं ना मी. सासूनं मुलाला-सुनेला मांडीवर बसवायचं, आरशात सुनेचं तोंड बघायचं, साखर भरवायची. उन्मेष म्हणाला, आई, हॉलमध्ये मोठा पडदा लावलाय, सगळं त्यावर दिसणार, लेझर करून घे. घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऊन टाळा. टाळलं! शिवाजी पार्कचा फेरा बंद, खिडकीत कपडे वाळत घालणं बंद. आणि मग आलं लग्नाआधीचं ग्रहमख — मुलाची आई होमासमोर नाही बसणार तर कोण बसणार? ह्यांच्या हाताला हात लावून बसले त्या धगीपुढे, भटजी उठवीपर्यंत. होम म्हणजे काय ऊन आहे? मला काय ठाऊक, धगही चालत नाही! संध्याकाळी तोंड धुतलं, तर गाल करपलेल्या पोळीसारखे. आता ह्या डॉक्टरीणबाई म्हणतात, उतरायला महिने लागतील. मलम लिहून देणारेत, म्हणून बसलेय. आणि उन्मेष काय म्हणतो — सांगणार नव्हते हं मी तुला — म्हणतो, सूनमुखाला उर्मिलामावशी बसू दे. माझी धाकटी बहीण. गोरीपान. तिला मूल नाही, तिलाही बरं वाटेल, म्हणे — म्हणजे वर उपकार मीच करायचे! मी विचारलं, आकांक्षा, म्हणजे सूनबाई, असं म्हणाली का? तर नाही, तिला पत्ताच नाही. म्हणजे लाज वाटते ती ह्याला. ज्याला पोटात वाढवताना हे तोंड असं झालं, त्याला! पण मी बसणार. सरळ जाऊन पाटावर बसणार, बघू कोण उठवतंय —

आलास, उन्मेष? मिळाली का गाडीला जागा? — काही नाही रे, ही विचारत होती, दुखतं का. — हो, ठरलं ना ते. उर्मिलाच बसू दे. माझा गुडघा कुठे दुमडतोय हल्ली. आकांक्षाला तसंच सांग, गुडघा म्हणून. —

आणि तू काय बघत बसलीस गं? नाव पुकारलं तुझं. जा आत.