ओ दिल्याशिवाय पार्सल नाही

पार्सल-ऑफिसच्या रांगेत शिंपीबुवांचा नंबर दुसरा होता. पण पुढच्या बाईंनी खिडकीच अशी अडवली, की बुवांनी घाई सोडली आणि कान टवकारले.

“दादा, सासऱ्यांचं कानाचं मशीन पुन्हा परत का आलं?”

“ताई, आमचा माणूस दारात हाका मारतो. आतून कोणी ओ देत नाही.”

“ऐकू येत असतं तर मशीन कशाला मागवलं असतं?”

“मग फोन तरी उचलायचा.”

“फोनही कानानेच ऐकतात!”

“त्यात घर माळावर. शेजारी ठेवावं, तर शेजार म्हणजे बाभळी.”

“बरं, माझ्या हातात द्या.”

“ते आज पुन्हा गाडीने गेलं ना, तुमच्याच घरी.”

“अहो, मी इथे उभी आहे! घरी मामंजी एकटे!”

“तेच म्हणतो. घरी थांबायचं सोडून इथे काय करताय?”

तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला.

“ताई, आमचा माणूस दारातच आहे. दार उघडं आहे, आजोबा पाठ करून बसलेत, हाका मारून याचा घसा बसला.”

“मग आत जाऊन खांद्याला हात लावा म्हणावं!”

“ग्राहकाला हात लावायची परवानगी नाही, ताई. आधी त्यांनी ओ द्यायला हवी.”