जावई पोरीच्या खुर्चीत बसला

चहा पाजून दरवेळी हा किस्सा मलेच काऊन सांगाले लावता, लेकहो? ऐका, अन् यापुढं इचारू नका.

एटापल्लीले दिलेली माझी पोरगी सुमन सासरी बोलेनाशी झाली. व्याही म्हने, "पोरगी पागल आहे. इलाज करा, नाईतर घेऊन जा." मी, व्याही अन् जावई तिले घेऊन चंद्रपूरच्या पागलांच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं तपासलं अन् म्हनलं, "हिला काही झालं नाही. नवरा-बायको दोघांनाही समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे न्या."

त्या बाईनं मले अन् व्याह्याले कोपऱ्यात गप बसवलं. सुमनले जावयाच्या अन् जावयाले सुमनच्या खुर्चीत बसवलं अन् त्याले म्हनलं, "आता तुमीच सुमन. सांगा, घरात काऊन बोलत नाई?"

जावई तिच्या खुर्चीत सरसावून बसला. मंग म्हनला, "मी काई बोलली का तुमी आदी तुमच्या बाबाच्या तोंडाकडं पाहता. मंग मी कोनासाठी बोलू?"

"तुमाले ठाऊक होतं?" सुमन म्हनली. कित्येक दिवसांनी पोरीचा आवाज ऐकला मी!

गोळी नाई, सुई नाई, बाईनं निस्ती खुर्ची बदलली होती.

आता पोरगी खुशाल भांडते नवऱ्याशी. पन तिले पागल म्हननारा अजून माफी मागाले आला नाई, तो माझा व्याही गणपत.