सुऱ्याचं पाणी

सासरे : सुरा गुंडाळलायस की तान्हं बाळ? तीन पंचे!

सून : पिल्लू दाराशी रांगतंय, बाबा. थांबा, आधी तिला कडेवर घेते. हां, आता सोडा.

सासरे : अरे, चांगला हातभर आहे की. कुठे मिळाला?

सून : तुमच्याच भट्टीत, कोळशाच्या पोत्यांमागे. संध्याकाळी भट्टी विकत घेणारा तो माणूस सामान न्यायला येणार, म्हणून आवरत होते. कुणी केलाय, पोलाद कुठलं, सांगाल?

सासरे : कशाला? टाक त्याच्या गाडीत. मला आता हातोडा पेलत नाही, सुऱ्यांची चौकशी कसली करतेस.

सून : घरात एवढी धार असली की मला झोप लागत नाही. निदान कुणाची ते तरी कळू दे.

सासरे : तुला तर सुईचीही धास्ती. आण इकडे. शिक्का नाही, म्हणजे दुकानातला नव्हे. मूठ ढिली... निघालीच बघ. हे भोक दिसलं? मुठीच्या खिळ्याला एवढं मोठं कुणी पाडत नाही, ते आधीचंच. ट्रकखाली एकावर एक पाटे असतात ना, त्यांच्या मधल्या बोल्टचं.

सून : म्हणजे पोलाद चांगलं?

सासरे : चाकावर धरून बघू. तू लांब हो, तिचे डोळे झाक.

(धार लावायचं चाक फिरतं.)

सून : ठिणग्या टोकाला फुटतायत.

सासरे : मऊ लोखंडाच्या सरळ जातात, फुटत नाहीत. पाटाच आहे. आता ऐरणीवर वाजवतो, ऐक. कुठे चीर नाही. पाणीही निगुतीने दिलंय. लालभडक पातं तेलात बुडवताना हात जरा कलला की ते वाकतं. हे सरळ आहे.

सून : मग तुमचाच असेल.

सासरे : माझा असता तर शिक्का असता. तुझ्या चुलतसासऱ्यांचा म्हणावा, तर त्यांची पाती जाड... थांब. हातोड्याचे ठसे बघ. सगळे उलट्या बाजूला कललेत. हे डावखुऱ्याचं काम. मागे का सरकलीस?

सून : हिचा हात तिकडे जातोय, तो धरतेय.

सासरे : डावखुरा या घरात एकच, तुझा नवरा. त्याला मीच म्हटलं होतं, हातोडा उजव्या हातात धरायचा, नाहीतर गोदामात खोकी उचलायची.

सून : खोकीच उचलतोय. आता परदेशातल्या गोदामात जातो म्हणतोय. भट्टीही गेली, तर इथे थांब म्हणून कशाच्या जोरावर सांगू त्याला? मी आणि हे पिल्लू, एवढंच?

सासरे : कधी केला हा?

सून : तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. बाबांना दाखवू नको, खोट काढतील, म्हणाला. म्हणून मी नाव न सांगता आणला.

सासरे : लबाड आहेस.

सून : आहे. खोट सांगा.

सासरे : खोट आहेच. मूठ बसवता येत नाही गाढवाला. शिकावं लागेल.

सून : कुणाकडे?

सासरे : त्या माणसाला फोन कर, येऊ नका म्हणावं. आणि लेक आला की आधी इकडे पाठव. ऐरण भिंतीपासून ओढायचीय. डाव्या हाताला जागा लागते.