छकुलीचा श्वास

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब आणि प्राचार्य, जिच्यासाठी आज एवढी खुर्च्यांची ओढाताण झाली ती आमच्या बाईंची सगळी घरची मंडळी, वॉर्डातल्या माझ्या मैत्रिणी, मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पहिल्या वर्षाच्या मुली, आणि अर्थात स्वतः बाई,

मी लहान मुलांच्या वॉर्डची सिस्टर. आम्हाला नर्सिंग शिकवणाऱ्या बाई आज निवृत्त होतायत, आणि मला बोलायला पाच मिनिटं मिळाली आहेत. मिनिट मोजायला बाईंनीच शिकवलंय, तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे बघायचे कष्ट घेऊ नयेत.

तान्ह्या बाळाला हात लावण्याआधी श्वास मोजायचा. पोटाकडे बघून, पूर्ण मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणारीला बाई सरळ वर्गाबाहेर काढत. मग स्टेथोस्कोप लावून हृदयाचे ठोके, तेही पूर्ण मिनिट. ताप सगळ्यात शेवटी, कारण एकदा बाळानं भोकाड पसरलं की मोजणंच संपलं. हे तुम्हाला पुस्तकातही सापडेल. पुस्तकात सापडणार नाही ती या टेबलावर आहे. फुलांच्या शेजारी, दुपट्यात गुंडाळलेली. ती छकुली.

छकुली ही सरावाची रबरी बाहुली. सव्वीस वर्षांपूर्वी बाईंनी ती वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या पाळण्यात ठेवली आणि मला म्हणाल्या, "झोपलंय, उठवू नकोस. लांबून श्वास मोजून ये." मी मिनिटभर उभी राहिले आणि कागदावर लिहून आणलं, छत्तीस.

बाईंनी माझ्यासमोर दुपटं उलगडलं. हसा, हसा, तुमची चूक नाही. सगळा वर्गही हसला होता. मला मात्र हसू येईना, कारण मी आकडा मनानं लिहिला नव्हता. मी ते पोट हलताना पाहिलं होतं, छत्तीस वेळा.

संध्याकाळी मी रडत रडत बाईंना तसं सांगितलं. वाटलं, आता चंपी होणार. बाईंनी दार लोटून घेतलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "मलाही दिसलं होतं गं."

पुढचं बाईंच्या परवानगीनं सांगते. बाई नुकत्या नोकरीला लागल्या होत्या, बावीस वर्षांच्या. भर दुपार, पाळण्यात बाळ, शेजारी आई. आई म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय हो, नका उठवू." बाईंनी लांबून बघितलं, पोट वरखाली होत होतं, चौतीस लिहिलं आणि पुढच्या पाळण्याकडे गेल्या. दहा मिनिटांनी डॉक्टर आले तेव्हा बाळ गार पडलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, जाऊन तासभर तरी झाला असावा. मग बाईंनी काय मोजलं? चौतीस वेळा हललं ते काय होतं? बाई म्हणाल्या, "डोळ्याला जे हवं असतं ते तो दाखवतो. लिहिण्याआधी कान लाव."

आठ वर्षांपूर्वी माझ्या वॉर्डात, तशाच एका दुपारी, दोन महिन्यांच्या पोरीची आई मला म्हणाली, "सिस्टर, आत्ताच झोपलीय हो." पोट छान हलत होतं. मी बत्तीस मोजले, पेन टेकवलं आणि मला बाईंचं "कान लाव" आठवलं. मी स्टेथोस्कोप लावला. श्वासाचा आवाजच नाही, आणि ठोके एकेक, लांब लांब, साठच्याही खाली, जिथे शंभरावर हवेत. मी डॉक्टरांना हाक मारून लगेच कृत्रिम श्वास द्यायला घेतला, आणि पोरगी वाचली. 

बाईंच्या कपाटात एक वही आहे. रोज सकाळी वर्ग सुरू होण्याआधी बाई छकुलीजवळ मिनिटभर उभ्या राहत आणि वहीत शून्य लिहीत. पानंच्या पानं शून्यं. मी एकदा विचारलं, "बाहुलीचं रोज काय मोजायचं?" बाई म्हणाल्या, "माझे डोळे तपासते."

आज सकाळी बाईंनी त्यांचं शेवटचं शून्य लिहिलं आणि वही माझ्या हातात दिली. उद्यापासून छकुली माझ्याकडे. बाईंच्या लेकीनं तर मला बजावलंच आहे, "मावशी, काहीही करा, पण ती आमच्या घरी पाठवू नका!"

बाई, तुम्ही गेल्यावर हे मला जमेल का, याची मला खरंच भीती वाटते. कारण सकाळी तुम्ही विचारलंत, "तुला काय दिसलं?" आणि मी नुसतंच दुपटं सारखं करायला लागले. आता सगळ्यांदेखत सांगते. हललं, बाई. आजही हललं. म्हणून मी वाकून कान लावला, आणि मगच वहीत तुमच्या शून्याखाली माझं पहिलं शून्य लिहिलं.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर वॉर्डातली साधी सिस्टर समजून पोटात घाला.

आणि पुढच्या रांगेतल्या ताई, तुम्ही मघापासून टेबलाकडे टक लावून बसला आहात. तुम्हालाही दिसलं ना? घाबरू नका. जाताना पुढे या आणि कान लावून जा.