चहाला जाते

आदरणीय अध्यक्ष कॉर्नेलियसकाका, व्यासपीठावर ऊन चुकवत सारख्या खुर्च्या सरकवणारे पाहुणे, दवाखान्यातले माझे सहकारी, आणि दाराशी कुत्र्यांसकट बसलेल्या माझ्या माणसांनो,

बावीस वर्षं मी इथं आरोग्यसेविका होते. आज इतकं गोड बोललात, की मी वर गेले की काय असं वाटायला लागलं! सगळे विचारतात, डुल्सी, हातपाय धड आहेत, मग नोकरी का सोडतेस? सांगते.

माझा जावई. नाव घेणार नाही. आपल्या आदिवासी रिवाजात सासू जावयाचं नाव घेत नाही, त्याच्यासमोर येत नाही, एका छपराखाली बसत नाही. त्यात त्याचा मान आणि माझाही. इतक्या वर्षांत मी त्याची फक्त पाठ पाहिलीय, तीही लांबून. पण त्याची शिकार झाली की कांगारूची शेपटी, सगळ्यात चांगला वाटा, आधी माझ्या कुंपणावर टांगलेली असायची.

नऊ वर्षांपूर्वी त्याचे पाय सुजले. सकाळपासून तो दवाखान्यासमोरच्या झाडाखाली पाठ करून बसला. मी आत असताना तो येणार कसा? मी उठले. हीथर सिस्टर तेव्हा नव्या होत्या.

"डुल्सी, कुठे निघालीस?"

"चहाला."

"एवढी रांग लागलीय आणि तुला चहा सुचतोय?"

"बाहेर कोणीतरी आहे, सिस्टर."

"कोण?"

"कोणीतरी."

"मग बोलाव ना त्याला आत!"

कपाळ माझं! नव्या बाईला समजावून सांगायचा मला धीर झाला नाही. मी परत जागेवर बसले. असं तीनदा झालं. कागदावर तिन्ही वेळा लिहिलं गेलं, 'रुग्ण आला नाही.' अहो, आला होता तो! सावली सरकेपर्यंत बसला होता.

चौथ्या वेळी त्याला न्यायला विमानच आलं. किडन्या गेल्या होत्या. तेव्हापासून तो लांब ॲलिस स्प्रिंग्ज शहरात, आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर. माझी लेक लेटिशिया त्याच्याजवळ असते. ती फोनवर म्हणते, "आई, हे विचारतायत, ओढ्याला पाणी आलं का?" मी म्हणते, सांग, आलं. कोरडा ठणठणीत असला तरी सांगते. माझं कुंपण नऊ वर्षं रिकामं आहे हो.

लेटिशियानं एकदा सिस्टरना सगळं सांगितलं. त्या माझ्या अंगणात येऊन जमिनीवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. दुसऱ्या दिवसापासून स्वतः खिडकीशी उभ्या. झाडाखाली कुणाची पाठ दिसली, की आत ज्यानं उठायला हवं त्याला हाक, "चहा!" कधीकधी अर्धा दवाखाना चहाच पीत असायचा.

सरकारशी भांडून त्यांनी यंत्र इथं आणलं. आज चारच्या विमानानं तो घरी येतोय. सिस्टर म्हणाल्या, "डुल्सीताई, पडदा लावू, तुमचे दिवस बदलू." पण यंत्र सहा दिवस चालणार, त्याची पाळी कुठल्याही दिवशी येणार, आणि माझा आवाज टेकडीपलीकडे जातो, पडद्याचं काय घेऊन बसलात? पाच तास सुई टोचलेला माणूस उठून झाडाखाली जाऊ शकतो का? पुन्हा त्याला ताटकळत ठेवणं माझ्यानं होणार नाही.

काल औषधांचं कपाट शेवटचं पुसलं, तेव्हा मी रडले. मला हे काम सोडवत नाही. तुम्ही प्रेम दिलंत, आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

विमानाचा आवाज येतोय. हीथर सिस्टर, मी चहाला जाते. या वेळी मला परत बोलावू नका.