पिशवी काढायची न्हाई

पाथर्डीत दवाखान्याबाहेर जीप भरायची वाट बघत एक सासू-सून माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"काय म्हनली डॉक्टरीन?"

"मेनोरेजिया, आत्या. म्हंजी पाळीत लई अंगावरून जातंय."

"त्ये तर मीच सांगितलं हुतं. मंग पिशवी कवा काढायची? दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचंय."

"काढायची न्हाई. सोनोग्राफी चांगली हाय, गोळ्यांनी थांबंल म्हनली."

"निस्त्या गोळ्यांनी?"

"व्हय."

"आमच्या टोळीत समद्यांनी काढल्यात. मी बी."

"तुमाला काय झाल्तं?"

"ह्येच की. पर नाव कुनी सांगितलं न्हाई. काढून टाका म्हनले, टाकली."

"जीप भरली, आत्या."

"जाऊंदी. आपल्या सत्यशीलाला फोन लाव. सोमवारी पिशवी काढाया निघालीया. म्हनावं, आईनं आधी हिकडं बोलावलंय."